खचलेल्या माणसाजवळ बसावं कसं

(शताब्दी सप्ताहात पिंपरीगावात केलेलं भाषण)



समितीची पोरं घरी आली आणि म्हणाली, "बुवा, यंदा तुमचं कीर्तन नको, अर्धा तास नुसतं बोला." कीर्तनात बरं असतं. अभंगाचा आधार असतो, कुठं अडखळलं तर पखवाजवाला सांभाळून घेतो. नुसतं बोलायचं म्हंजे हात कुठं ठेवावा तेच कळत नाही. त्यात मी चौथी शिकलेला. विषय विचारला तर म्हणाले, तुमच्या मनाला येईल तो. तर माऊली, माझ्या मनाला आलं ते मनाबद्दलच आलं.

शंभर वर्षांत दिंडीनं पुष्कळ हिशेब ठेवले. भिशीच्या वह्या आहेत, पालं किती, टाळ किती, कुणी किती वाऱ्या केल्या, सगळं लिहिलेलं आहे. पण चालता चालता कोण मनानं खचला, कुणाचं येणं एकाएकी बंद झालं आणि का झालं, याची वही कुणी ठेवली नाही. मीही नाही ठेवली. आज त्यातलं एक पान तुमच्यापुढं वाचतो. त्यात माझीच चूक लिहिलेली आहे.

करोनाच्या आधीची गोष्ट. तुकोबारायांच्या पालखीसंगं आपण यवतला मुक्कामी होतो. यवतचं पिठलं-भाकरी तुम्हाला ठाऊक आहे, दिवसभर चालून आलेला माणूस तिथं चार घास जास्तच खातो. आपला एक टाळकरी पत्रावळ पुढं घेऊन नुसता बसलेला. चाळिशीचा गडी. जमीन बापाच्या वेळेलाच गेलेली, भावाभावांत हिश्श्याची कोर्टकचेरी, आणि ज्या कारखान्यात कंत्राटावर होता तिथलं काम सुटलेलं. मी म्हणालो, "जेव की रं." तेव्हा तो हळूच म्हणाला, "बुवा, पहाटं तीनलाच जाग येते. मग छातीवर दगड ठेवल्यागत होतं. नाम घेतो पण आत काही जात नाही. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, त्यानं जरा झोप लागते."

आता मी काय म्हणावं? भोवती पंधरा-वीस माणसं, सगळी माझ्या तोंडाकडं बघणारी. कीर्तनकाराला ऐकणारी माणसं दिसली की त्याची जीभ सुटते. मी मोठ्यानं म्हणालो, "अरे, तुकोबांच्या संगं चाललास आणि गोळ्या कसल्या खातोस? तुझं नाम कच्चं आहे. सोड त्या गोळ्या चंद्रभागेत." सगळे हसले. तोही हसला.

आणि माऊली, त्यानं पंढरपुरात खरंच सोडल्या.

पुढं भाद्रपदात त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यानं वेळेवर बघितलं म्हणून वाचला. मी भेटायला गेलो, आणि तिथंही त्याच्या बायकोच्या देखत त्याला सांगून आलो की नरदेह दुर्लभ आहे, तो असा टाकणं महापाप आहे. चहा घेतला आणि निघालो. त्यानंतर तो दिंडीत यायचा बंद झाला. आम्ही आपसांत म्हणालो, बाबा नास्तिक झाला.

ही गोष्ट मी त्याला विचारून सांगतोय. नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा म्हणाला.

मग २०२० साल आलं. वारी बंद. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, आपण घरी बसून टीव्हीवर बघितलं. त्याच साली माझे थोरले बंधू गेले. पस्तीस-छत्तीस वाऱ्या आम्ही जोडीनं केल्या, एका पालात झोपलो. शेवटच्या क्रियेला मोजकी माणसं, तोंडाला फडकी, खांदा द्यायचीसुद्धा सोय नाही. रडू आलं नाही. वाटलं, मी घट्ट आहे, ज्ञानोबारायांचा वारकरी आहे.

दोन महिन्यांनी माझं मला कळेना काय होतंय. पहाटं तीनला जाग. तीच वेळ, तेच छातीवर वजन. चाकणच्या अंगाला माझं थोडं रान आहे. बराखीत कांदा सडत होता, वास घरापर्यंत यायचा, आणि मी ओट्यावर बसून बघायचो. उठून निवडावा असं वाटायचं नाही. गाय पान्हवली की पोरगा हाक मारायचा, मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. काकड्याला उठलो नाही. हरिपाठ सुटला. आमच्या घरच्यांनी एकदा म्हटलं, "अहो, दोन महिनं झालं, तुमच्या तोंडातनं नाम नाही." मी त्यांच्यावर ओरडलो. उभ्या जन्मात त्यांच्यावर इतक्या मोठ्यानं ओरडलो नव्हतो. बायामाणसांना सांगतो, घरातला पुरुष खचला की तो रडेलच असं नाही. चिडतो, भांडतो, बाटलीला जवळ करतो. त्यालाही आजारच समजा.

सूनबाईनं ओळखलं. ती म्हणाली, "मामा, उद्या दवाखान्यात जायचं, शुगर तपासायला." तिनं मला फसवून नेलं, पण देवानं तिला सुबुद्धी दिली असं मी धरतो. सरकारी दवाखाना, मनाच्या आजाराच्या विभागातली एक तरुण डॉक्टरीण, माझ्या नातीएवढी. तिनं रक्त तपासायला लावलं. थायरॉईड बिघडला तरी माणूस असा होतो म्हणे. झोप, भूक, शौच, सगळं विचारलं. आणि मग एकदम शांतपणानं म्हणाली, "बाबा, जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?"

मला तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. दिंडीतल्यांनी नाही, भावकीनं नाही. मी रडलो. भावाच्या मयताला न आलेलं रडू तिथं त्या लाकडी बाकड्यावर आलं.

हे तुमच्यासाठी सांगतोय. लोकांना वाटतं, असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं आपण घालू. तसं होत नाही. डॉक्टरीणबाईंनीच मला नंतर समजावलं, विचारल्यानं माणूस मोकळा होतो, आणि आपल्यालाही कळतं की त्याला एकटं सोडायचं की नाही. आडवळणानं विचारू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले आठ दिवस मळमळायचं, फरक शून्य. मी म्हणालो, बंद करतो. त्या म्हणाल्या, "बाबा, कांदा लावल्यावर आठव्या दिवशी उपटून बघता का गाठ धरली का म्हणून?" या गोळ्यांना लागू पडायला दोन-तीन आठवडे, कधी चार लागतात. आणि बरं वाटलं की सोडायच्या नाहीत, पुढं सहा महिने तरी चालू ठेवायच्या आणि डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायच्या. एकदम तोडल्या की त्रास होतो. मी त्या गड्याला तोडायला सांगितल्या होत्या! बाकड्यावर बसून हे ऐकताना माझ्या पायाखालची जमीन सरकली.

आता कुणी म्हणेल, बुवा, मग नामाला अर्थ नाही का? आहे की. मीही आज नामावरच उभा आहे. पण पाय मोडलेल्या माणसाला आपण पावलीत नाचायला लावत नाही. आधी प्लास्टर घालतो, दिंडीच्या ट्रकात बसवतो आणि पंढरीला नेतोच. मग मन मोडलेल्यालाच का म्हणतो की तुझा भाव कच्चा?

आणि आपले संत काय कोरडे होते का? तुम्ही मोशीचे, चिखलीचे, तळवड्याचे लोक, देहू-आळंदी तुमच्या दोन्ही कुशीला. इथंच घडलंय सगळं. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ आठवा. तुकोबारायांचं वय विशी-बाविशीचं. आईबाप आधीच गेलेले, थोरला भाऊ घर सोडून गेलेला, दुकान बसलेलं, आणि दुष्काळात पहिली बायको रखमाई अन्नावाचून गेली, पाठोपाठ लहानगा संतू गेला. पोराची राख झालेली बघितलेला बाप आहे तो. गाथ्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. आपण त्यातले आनंदाचे, दटावणीचे जास्त गातो. स्वतःची तगमग, निराशा, लोकलाज, रात्र रात्र तळमळणं त्यांनी उघड मांडलेले अभंग आपण चालीवर म्हणतो खरे, पण त्या शब्दांखाली बसलेला माणूस बघत नाही. तुकोबांनी काही लपवलं नाही, मग आपण टाळकऱ्यानं का लपवावं?

तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर गेले. तो डोंगर आपल्या चाकणच्या बाजूलाच, आता वर उभं राहिलं की खाली कारखान्यांचे पत्रे चमकताना दिसतात. पंधरा दिवस तिथं होते असं आपण परंपरेनं सांगतो. आपण कीर्तनात साक्षात्काराचं सांगतो, आणि सांगावंच. पण त्याच कथेत धाकटा भाऊ कान्होबा आहे, त्याच्यावर मी तीस वर्षांत कधी पाच मिनिटं घालवली नाहीत. कान्होबा डोंगर-डोंगर हिंडला, भावाला हुडकत. सापडल्यावर त्यानं हिशेब विचारला नाही. दोघं भाऊ इंद्रायणीवर आले, कर्जखतांचे दोन वाटे केले आणि तुकोबांनी आपला वाटा डोहात सोडला. नंतर भंडाऱ्यावर बसायचे तेव्हा आवली भाकरी बांधून डोंगर चढायची. तोंडानं बोलायची खूप, पण भाकरी चुकवली नाही. हुडकणारा भाऊ आणि भाकरी नेणारी बायको. आम्ही कीर्तनकारांनी आवलीची थट्टा करून फार टाळ्या घेतल्या. मी आता करत नाही.

आळंदीला या. ज्ञानोबारायांना कुणीतरी टाकून बोललं, मन विटलं, आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्ञानोबाराय! मग बाहेर कोण उभं राहिलं? चौघांत धाकटी, मुक्ताई. तिनं दार फोडलं नाही, गावाला गोळा करून तमाशा केला नाही. बाहेर उभी राहून गोड शब्दांत विनवत राहिली. ताटीचे अभंग त्याचेच. दार आतून उघडलं.

आणि भगवंताचंच बघा. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. हात कापतायत, तोंडाला कोरड, धनुष्य गळालं, उभं राहवत नाही. हे सगळं अर्जुन बोलतो तवर देव मधी बोलत नाही. दुसऱ्या अध्यायात आधी देवानं दोन शब्द टाकून बघितले, हे नामर्दपण तुला शोभत नाही म्हणून. त्यानं काय झालं? अर्जुन आणखीन रडला, लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. मग देवानं सूर बदलला, हसऱ्या तोंडानं बोलायला लागला, आणि पुढं अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्यासंगं राहिला. मी ज्ञानेश्वरीची इतकी पारायणं केली, माझ्या कधी ध्यानात आलं नाही की दटावून देवाचंसुद्धा काम झालं नव्हतं. मी यवतला दटावूनच थांबलो होतो.

बरा झाल्यावर पहिला त्या गड्याच्या घरी गेलो. उंबऱ्यात उभा राहून म्हणालो, "माझं चुकलं." तो म्हणाला, "बसा बुवा." बायकोनं पाणी दिलं, ती मात्र माझ्याकडं बघत नव्हती, आणि मला ते बरोबरच वाटलं. गोळ्या त्यानं परत सुरू केल्या होत्या, तिनंच डब्यात वाराप्रमाणं लावून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, गोळ्या सोडायला सांगितल्या, माफी कर. तर तो म्हणतो, "बुवा, गोळ्यांचं नाही. सगळे हसले, ते लागलं. मी चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. २०२२ ला वारी परत सुरू झाली तेव्हा तो आला, माझ्या शेजारच्या ओळीत टाळ घेऊन. यंदाही आहे.

त्यानंतर आम्ही दिंडीत एक गोष्ट सुरू केली. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत, हे पोरासोरांना ठाऊक आहे. पण सात दिवस एकच माणूस वीणा घेऊन उभा राहतो का? नाही. पहारे लावतो. एकाची वेळ भरली की दुसरा येतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. तसा पहारा आम्ही माणसासाठी लावला.

आपल्या तुळशीच्या ओळीतली एक माऊली, तिचा तरणा मुलगा नाशिक रस्त्यावर गाडीवरून गेला. तिनं अन्न टाकलं, बोलणं टाकलं. आम्ही पुरुष काय करणार? दारात चार मिनिटं उभं राहून "देवाची मर्जी" म्हणून येणार. बायांनी पहारा घेतला. रोज दोघीजणी, दोन-दोन तास. उपदेश करायचा नाही, कुणाच्या घरी काय झालं ते सांगायचं नाही, "तुझ्यापेक्षा त्यांचं बघ" हे तर बिलकूल नाही. भाजी निवडायची, केस विंचरायचे, नुसतं बसायचं. दवाखान्यात न्यायचं ते दोघींनी मिळून. बारा दिवस ती काही बोलली नाही. तेराव्या दिवशी आमटी चाखून म्हणाली, "मीठ किती टाकलंय गं." ती बाई येऊन मला सांगताना हसत होती आणि रडत होती. पहारा चार महिने चालला. नंतर एकेक दिवस कमी केला.

सगळ्यांच्या बाबतीत असं झालं नाही. एकजण गेलाच. त्याच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही, म्हणून त्याचं इथं बोलत नाही.

थोडं व्यवहाराचं सांगतो. दुःख प्रत्येकाला होतं, मयत झालं, पीक गेलं, पोरीचं लग्न मोडलं, तर वाईट वाटणारच, आणि ते लाटेसारखं येतं-जातं. पण दोन आठवडे होऊन गेले, बहुतेक सगळा दिवस मन काळवंडलेलं, आवडीचं काही गोड लागेना, झोप-भूक बिघडली, मी सगळ्यांना भार झालोय असं बोलायला लागला, तर दवाखाना गाठा. देवऋष्याकडं नंतर जायचं असलं तर जा, पण दवाखाना आधी. येरवड्याचं नाव घेतलं की लोक दचकतात. तिथं जायलाच लागतं असं नाही, बहुतेकांना घरी राहून, गोळ्यांवर आणि बोलण्यावर बरं वाटतं. औंधच्या जिल्हा रुग्णालयातही मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात. सरकारचा एक फोन आहे, टेलिमानस, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलतात. पोरांनो, लिहून घ्या, हसू नका.

एकादशीला गोळी घेतली तर उपास मोडत नाही. ही शंका मला पाच-सहा जणांनी विचारली, म्हणून व्यासपीठावरनं सांगतो. गोळी अन्न नाही. आणि रिकाम्या पोटी त्रास होत असंल तर फराळ करून घ्या, पांडुरंग वही घेऊन बसलेला नाही.

शेतकऱ्यांनो, फवारणीचं औषध घरात, मोरीत, कॉटखाली ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं. तो वाईट क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचाच असतो, तेवढा निघून गेला की माणूस हाताशी लागतो.

पोलिसाच्या भीतीनं दवाखान्यात न्यायचं टाळू नका. २०१७ च्या कायद्यानं असा माणूस भारी ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षेची भाषा राहिलेली नाही.

आणि तुमच्या माझ्या खोल्यांत भाड्यानं राहणारी पोरं. लातूर, नांदेड, बुलढाणा, बिहार, कुठनं कुठनं आलेली. रात्रपाळी करून दिवसा पत्र्याखाली झोपायचं, कंत्राट कधी संपंल याचा भरवसा नाही, गावाकडं पैसे धाडायचे. आपण दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं मागायला जातो. त्या दिवशी दाराशी जरा बसा. जेवला का एवढं विचारलं तरी चालंल.

शेवटी माझ्या कीर्तनकार बंधूंना हात जोडून विनंती. जीव दिलेला माणूस नरकात जातो, भूत होतो, असली भाषा कीर्तनातून काढून टाका. समोरच्या हजार माणसांत त्याची बायको, त्याची आई बसलेली असते. मी पंचवीस वर्षं असं बोललो. किती जणी मान खाली घालून उठून गेल्या असतील, मला माहीत नाही.

वेळ झाली, समितीवाले घड्याळ दाखवतायत आणि पुढच्या महाराजांना परत आळंदी गाठायचीय. येत्या वारीत आकुर्डीच्या मुक्कामापासनं रोज हरिपाठ झाल्यावर मी आपल्या ट्रकाच्या मागच्या बाजूला घोंगडी टाकून बसणार आहे. तो गडीही बसणार आहे. ज्याला यायचं त्यानं यावं, बोलायचं नसंल तर नुसतं बसावं. चहा आम्ही करू.

रामकृष्णहरी.